नफरी, रेंजचा दिवस आणि सही कोणाची

जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस कॅज्युअल, मिळून ९०. म्हणजे कुठल्याही दिवशी कंपनीतला साधारण चौथा माणूस घरी असतो, आणि तो असायलाच हवा. शेताची मोजणी, आईचं ऑपरेशन, बहिणीचं लग्न ही कामं फोनवर होत नाहीत. पलटणीत (बटालियनमध्ये) ट्रेनिंग आणि ड्युटी यांचा मेळ कसा घालायचा, हा विषय निघाला की चर्चा लगेच प्राधान्यक्रम, नियोजन अशा मोठ्या शब्दांवर जाते. आधी नफरी, म्हणजे हाती असलेली माणसं, मोजावी.

काश्मीर खोऱ्यात ग्रिडमध्ये, म्हणजे दहशतवादविरोधी तळांच्या जाळ्यात, बसलेली एक रायफल कंपनी घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण हिशेबाची जात सगळीकडे हीच. कागदावर १२० माणसं. रजेवर २८. कोर्स आणि कॅडरवर ७. बटालियन मुख्यालयात लंगर, एमटी (गाड्या), क्वार्टर गार्ड यांसाठी दिलेले ९. दवाखान्यात किंवा लो मेडिकल कॅटेगरीत ४. उरले ७२. आता तळाचा पहारा. एका मोर्च्यावर दोघं, दोन तास उभे, चार तास मोकळे. म्हणजे चोवीस तासांसाठी एका मोर्च्याला ६ माणसं लागतात. तीन मोर्चे धरले तर १८, वर ३ गार्ड कमांडर. उरले ५१. क्यूआरटीत (हाक येताच निघणारी तुकडी) १२, सकाळी रस्ता तपासून वाहतुकीला उघडायला आरओपीत (रोड ओपनिंग पार्टी) २०. उरले १९. त्यातले ९ जण रात्रभर ॲम्बुशला (दबा धरून) बसून पहाटे परतलेत, त्यांना झोपू द्यायचं.

हाती राहिले १०. एक सेक्शन, म्हणजे कंपनीतली सर्वांत छोटी तुकडी; अशा तीन मिळून एक प्लॅटून.

वार्षिक ट्रेनिंग डायरेक्टिव्हमध्ये मात्र ‘सपोर्ट वेपन्ससह कंपनी हल्ला’ असं छापलेलं असतं. त्या ओळीकडे बघून कंपनी कमांडर हताश होतो आणि मग काहीच करत नाही, हा सर्वांत नेहमीचा घोटाळा. दहा माणसं, दीड तास आणि तारेच्या आतली जागा एवढ्यात जे होतं तेच फील्डमधलं ट्रेनिंग. प्लॅटूनचं आणि कंपनीचं ट्रेनिंग पीस स्टेशनला (शांत भागातल्या छावणीत) गेल्यावर. तिथेही समारंभ, पाहुणे आणि वर्किंग पार्ट्या असतात, पण निदान रात्रीची झोप असते.

आता ती दहा माणसं कुठली, यावर सगळं अवलंबून आहे. ड्युटीचं रोस्टर बनवताना सीएचएम (कंपनी हवालदार मेजर) बहुतेक वेळा न्यायाने वागायला जातो: प्रत्येक प्लॅटूनमधून चार-चार नावं गार्डला, चार-चार आरओपीला. कुणाची तक्रार राहत नाही. पण त्यामुळे एकही सेक्शन कधीच अख्खा सापडत नाही. मोकळे राहिलेले दहा जण पाच वेगवेगळ्या सेक्शनचे, त्यांचा सेक्शन कमांडर मोर्च्यावर, एलएमजीवाला (हलकी मशीनगन चालवणारा) रजेवर. अशा दहा जणांना शिकवता येतं ते फक्त लेक्चर. त्यापेक्षा अख्खी प्लॅटून गार्ड आणि फटीगला (अंगमेहनतीच्या कामांना), दुसरी अख्खी आरओपी आणि ॲम्बुशला, तिसरी क्यूआरटी आणि ट्रेनिंगला, आणि आठवड्याने फेरपालट. अमेरिकी लष्करात याच पद्धतीला हिरवा-पिवळा-लाल रंगांची नावं आहेत. क्यूआरटीच्या आठवड्यात ट्रेनिंग ठेवण्यामागे साधं कारण आहे. ती माणसं जागी असतात, एकत्र असतात, हत्यार जवळ असतं आणि तळ सोडून जाऊ शकत नाहीत. एरवी हा वेळ मोबाइल आणि कॅरमवर जातो. दोन अटी मात्र पाळाव्या लागतात: दमवणारं काही करायचं नाही, आणि हाक आली तर हातातलं टाकून दोन मिनिटांत गाडीत बसता आलं पाहिजे. म्हणजे हत्यार खोलून पसरायचं असेल तर एका वेळी दोघांचंच.

रजेचंही तसंच. सेक्शन कमांडर आणि त्याचा टूआयसी (त्याच्या खालोखालचा) एकाच वेळी सुट्टीवर गेले तर तो सेक्शन महिनाभर पोरका. गणपतीत, दिवाळीत हे हमखास घडतं, मराठा पलटणीत तर विशेष. जूनमध्येच दोघांच्या तारखा आमनेसामने ठेवून लिहून घेतल्या की ऑगस्टमधली अर्धी भांडणं होत नाहीत.

दीड तासात काय करायचं, हे ठरवताना कुठलं कौशल्य किती लवकर गंजतं ते बघावं. परेडचा कदम वर्षभर केला नाही तरी दोन दिवसांत परत येतो. अंधारात, एका हाताने, स्वतःच्याच मांडीला टूर्निके (रक्तस्राव थांबवणारा पट्टा) आवळणं तसं परत येत नाही. वायरलेसवर जखमीला उचलण्याचा संदेश देणं, घरझडतीत कोण दारात आणि कोण मागच्या खिडकीवर, रात्रीच्या काळोखात मॅगझिन बदलणं, ही हाताची कामं आहेत आणि हात विसरतो. ती आठवड्यात एकदा, वीस-वीस मिनिटं. महिन्यातून एकदा सबंध दिवस घेण्यापेक्षा हे बरं, कारण तो सबंध दिवस येत नाही.

झिरोइंगचा, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी साइट जुळवण्याचा, प्रश्न आणखी वेगळा. ती अमुक रायफल आणि अमुक डोळा यांची जोडी आहे. रायफल बदलली, साइटला मार बसला, आर्मररकडून दुरुस्त होऊन आली, की जुनं झिरो संपलं. रजेवर जाताना जवान आपलं हत्यार कोतात (शस्त्रागारात) जमा करतो. दोन महिन्यांनी परत येतो तेव्हा त्याच्या बट नंबरची (दस्त्यावर त्याचा क्रमांक असलेली) रायफल दुसऱ्याच्या खांद्यावर असते आणि त्याला तिसरीच मिळते. दुसऱ्या दिवशी तो पेट्रोलवर. ट्रेनिंगच्या कुठल्याही तक्त्यात ही चूक दिसत नाही, कारण तक्त्यात त्या माणसाचं नाव ‘फायरिंग पूर्ण’ असंच आहे. उपाय दोन. एक, कोतातच बट नंबर राखून ठेवायचा, अगदीच नाइलाज असेल तरच द्यायचा. दोन, रजेवरून आलेल्यांची जमेल तशी तुकडी करून पेट्रोलच्या आधी झिरो करून घ्यायचं: पाच गोळ्यांचा गट, साइटची दुरुस्ती, पुन्हा पाच, तपासायला आणखी पाच. माणशी १५ गोळ्या. दहा जणांच्या १५० गोळ्या आणि दीड तास. हे परवडत नसेल तर मग त्या सेक्शनला पेट्रोलवर पाठवणंही परवडत नाही.

आणि आता रेंज. फायरिंगचा सबंध दिवस मिळणं म्हणजे कंपनीच्या कॅलेंडरमधला सण, आणि तो कसा वाया जातो हे बघण्यासारखं असतं. ६० माणसं, १० लेन, म्हणजे सहा डिटेल (एका वेळी फायर करणारे गट). एका डिटेलला पडून पोझिशन घेणं, फायर, हत्यार तपासणी, टार्गेट बघणं, चिकटवणं असं धरून वीस मिनिटं. एकूण दोन तास. मग सकाळी सहाला निघालेली कंपनी संध्याकाळी पाचला का परतते? पहिला तास-दीड तास लाल झेंडे लावण्यात, बाजूच्या टेकड्यांवर संतरी चढवण्यात आणि गुरं-माणसं बाहेर काढण्यात. संतरी टेकडीवर पोचून वायरलेसवर ‘क्लिअर’ म्हणेपर्यंत एक गोळी सुटत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून संतरी मुख्य पार्टीच्या तासभर आधी निघाले पाहिजेत. ते सगळ्यांबरोबर एकाच ट्रकने आले की तो तास गेलाच. मग ॲम्युनिशनची गाडी, नर्सिंग असिस्टंट, ॲम्ब्युलन्स. यातलं एक उशिरा आलं की सगळं थांबतं. उरलेले ५० जण तोवर झाडाखाली. तिथेच आणखी तीन जागा मांडायला हव्यात: एकीकडे डोळे बांधून हत्यार खोलणं-जोडणं, दुसरीकडे टूर्निके आणि जखमी उचलणं, तिसरीकडे अंतर ओळखणं. डिटेल फिरत राहतो आणि दोन तासांच्या फायरमध्ये चार तासांचं काम होतं. त्यासाठी तीन चांगले हवालदार आदल्या दिवशी मोकळे करून तयारीला लावावे लागतात, आणि खरी अडचण तिथेच असते.

दिवसाचा शेवट बिघडतो तो खोक्यांनी, म्हणजे गोळी सुटल्यावर उरणाऱ्या पितळी पुंगळ्यांनी. जितक्या गोळ्या दिल्या तितकी रिकामी खोकी जमा करायची असतात. ६०० पैकी ५९८ सापडली की फायर थांबतो आणि सगळी कंपनी गवतात वाकून दोन पितळी तुकडे शोधते. उन्हं उतरतात. शेवटच्या दोन डिटेलचा फायर राहतो, आणि परतीच्या ट्रकमध्ये रजिस्टरात त्यांच्या नावापुढे आकडे भरले जातात, साधारण त्यांच्या गेल्या वर्षीच्या स्कोअरच्या आसपास. असं करणारा माणूस वाईट नसतो. त्याला पुढची रेंज कधी मिळेल ते ठाऊक असतं. प्रत्येक लेनखाली ताडपत्री अंथरली आणि प्रत्येक डिटेलनंतर तिथल्या तिथे मोजणी केली तर चूक दहा माणसांपुरती आणि वीस मिनिटांपुरती राहते.

रेंज मिळत नाही याला जमीनही कारणीभूत आहे. मोकळ्या मुलखात तोफा आणि मॉर्टर डागण्यासाठी १९३८ च्या कायद्याखाली राज्य सरकारला जागा अधिसूचित करावी लागते. वस्ती वाढते, अधिसूचना संपते, नूतनीकरण होत नाही. काश्मीरमधल्या तोसामैदानची मुदत एप्रिल २०१४ मध्ये संपली आणि ती रेंज गेली. गावकऱ्यांची बाजू खरी होती; न फुटलेल्या गोळ्यांनी तिथे माणसं मेली, अपंग झाली. पण त्यामुळे नगरजवळची के. के. रेंज किंवा देवळालीची तोफखान्याची रेंज यांसारख्या उरलेल्या जागांवर गर्दी वाढते. म्हणून रेंजची तारीख एकदा हातात आली की ती कॉन्व्हॉयच्या (लष्करी गाड्यांच्या ताफ्याच्या) संरक्षणासाठी सोडून देणं फार महाग पडतं. गेलेली तारीख पुढच्या आठवड्यात मिळत नाही, कदाचित पुढच्या वर्षी मिळते.

‘रोज ऑपरेशन चालू आहे, हेच ट्रेनिंग’ असंही ऐकू येतं. हे अर्धं खरं आहे. निघण्याआधी सँड मॉडेलवर (वाळूत मांडलेल्या नकाशावर) अर्धा तास आणि परतल्यावर चहाच्या मगासकट वीस मिनिटं बसून ‘कुठे थांबलो, का थांबलो, कोण कुणाला दिसत नव्हतं’ एवढं बोललं तर पेट्रोल खरंच शिकवतं. तसं न करता ऑपरेशन शिकवतं ते सवयी. आरओपी महिनोन्महिने त्याच रस्त्याने, त्याच वेळेला, त्याच पुलाखाली त्याच बाजूने डोकावते. माणसं तरबेज होत नाहीत, सरावतात. आयईडी लावणारा नेमकी तीच सवय वाचत असतो.

शिवाय ग्रिडमधलं काम एका प्रकारच्या लढाईचं असतं. मॉर्टर प्लॅटूनचं उदाहरण घ्या. माणसं कमी म्हणून ८१ मिमी मॉर्टरचे नंबर (तो चालवणारे जवान) रायफल घेऊन आरओपीला जातात आणि मॉर्टर ग्रीस लावून स्टोअरमध्ये. दोन वर्षांनी बेसप्लेट बसवायला काढली की एकाला बायपॉड आठवतो, साइटचा बुडबुडा मध्यावर आणायला दुसऱ्याला तीन मिनिटं लागतात, आणि एमिंग पोस्ट कुठल्या बाजूला लावायचे यावर वाद होतो. आठवड्यातून एकदा एक मॉर्टर, तीन माणसं, एक तास, गोळा नको, फक्त मांडणी, ले करणं (नेम लावणं) आणि आकडा बदलणं, एवढ्यावर हे हात जिवंत राहतात. लढाईचा प्रकार सांगून बदलत नाही. १९९९ च्या मे महिन्यात, कारगिल युद्धात, १८ ग्रेनेडियर्स ही पलटण खोऱ्यातल्या दहशतवादविरोधी कामातून उचलून द्रासला, तोलोलिंगच्या पायथ्याशी नेण्यात आली. खोऱ्यात घराला वेढा घालणं आणि तिथे तोफखान्याच्या आधाराने उघड्या चढावर जाणं, यांत साम्य जवळजवळ नाही.

इतकी ओढाताण असूनही एक गोष्ट कुणी कापत नाही: उंचीची सवय. ९,००० ते १२,००० फुटांवर ६ दिवस, १५,००० पर्यंत ४, त्याच्या वर आणखी ४. एकूण १४ दिवस. चार आठवड्यांहून जास्त काळ खाली राहिलेल्या माणसाला हे पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे दोन महिन्यांची रजा संपवून आलेला जवान पुढचे दोन आठवडे वरच्या पोस्टच्या हिशेबात धरायचाच नाही, आणि पोस्टवरची अदलाबदल तितकी आधी आखायची. वर कितीही गरज असो, या १४ दिवसांना हात लागत नाही. का? १९६२ च्या चीन युद्धात नामका चू नदीच्या काठी माणसं सवय न करताच वर ढकलली गेली, हा धडा आहेच. पण रोजच्या व्यवहारात कारण आणखी साधं आहे: फुप्फुसात पाणी झालेला जवान दोन दिवसांत सगळ्यांना दिसतो, आणि ‘हा वर जाण्यास योग्य’ या कागदावर सही डॉक्टरची असते, मोहीम देणाऱ्याची नाही.

नियंत्रण रेषेवर किंवा दहशतवादविरोधी कामावर जाण्याआधी पलटण कोअर बॅटल स्कूलमधून काढतात तिथेही हेच तत्त्व आहे. पहिल्यासाठी साधारण दोन आठवडे, दुसऱ्यासाठी साधारण चार. शिकवणारे बाहेरचे, तपासणारे बाहेरचे. पलटणीच्या स्वतःच्या हाती असलेलं बाकीचं ट्रेनिंग मात्र घासाघिशीत जातं, कारण ते ठेवायचं की सोडायचं यावर सही त्याचीच, ज्याच्यावर माणसं पुरवण्याचा दबाव आहे.

ही सही चुकीच्या टेबलावर गेली की काय होतं, ते अमेरिकेच्या सातव्या आरमाराने २०१७ मध्ये दाखवलं. मायदेशातली जहाजं ३६ महिन्यांच्या चक्रातून जायची: आधी दुरुस्ती, मग पायाभूत ट्रेनिंग आणि प्रमाणपत्रं, मग एकत्र सराव, मग मोहीम. जपानमधल्या योकोसुकाला तळ असलेल्या जहाजांना असा राखीव ट्रेनिंगचा काळच नव्हता. मोहिमा संपतील तेव्हा मधेमधे उरकायचं. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१५ मध्ये यावर लिहिलं होतं. जून २०१७ पर्यंत जपानमधल्या क्रूझर आणि डिस्ट्रॉयरच्या कर्मचाऱ्यांची ३७ टक्के प्रमाणपत्रं मुदतबाह्य झाली होती. जहाजं तरी निघत होतीच, कारण मुदत संपली की ‘जोखीम कमी करण्याचा आराखडा’ नावाचा कागद भरायचा आणि तो वर मंजूर व्हायचा.

१७ जूनला फिट्झगेराल्ड हे डिस्ट्रॉयर मालवाहू जहाजाला धडकलं, सात खलाशी गेले. २१ ऑगस्टला सिंगापूरजवळ जॉन एस. मॅकेन हे दुसरं डिस्ट्रॉयर एका टँकरला धडकलं. त्यातली शेवटची काही मिनिटं ट्रेनिंगच्या दृष्टीने बघावीत. सुकाणूवरच्या खलाशाला दिशा आणि वेग दोन्ही सांभाळणं जड जातंय असं पाहून कप्तानाने काम दोघांत वाटायला सांगितलं: एकाकडे सुकाणू, शेजारच्याकडे इंजिनाचा वेग. टचस्क्रीनवर हा बदल करताना सुकाणूही शेजारच्या स्क्रीनवर गेलं, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्याला वाटलं, सुकाणू निकामी झालं. वेग कमी करायला सांगितला, पण दोन्ही इंजिनांचे थ्रॉटल जोडलेले नसल्याने फक्त डावं मंदावलं, उजवं जोरात चालू राहिलं, आणि जहाज डावीकडे वळत टँकरच्या वाटेत गेलं. पहाटेचे ५:२४. दहा जण गेले. ब्रिजवरचे (जहाज हाकण्याच्या कक्षातले) काही खलाशी अँटिटम या दुसऱ्या जहाजावरून तात्पुरते आणलेले होते आणि तिथली सुकाणूची यंत्रणा वेगळी होती. बट नंबर बदललेल्या रायफलीची ही समुद्रावरची आवृत्ती. माणूस प्रशिक्षित होता, पण दुसऱ्या यंत्रावर.

नंतर अमेरिकी नौदलाने असे चालू आराखडे रद्द केले आणि योकोसुकाला वेगळं कार्यालय उभारलं. जहाज तयार झालं का हे ठरवणारा एक, ते वापरणारा दुसरा.

वरून येणाऱ्या सक्तीच्या ट्रेनिंगची बेरीज हाही एक घोळ आहे. २००२ मध्ये अमेरिकी आर्मी वॉर कॉलेजच्या एका अभ्यासात कंपनी कमांडरवर लादलेल्या सगळ्या अनिवार्य ट्रेनिंगची बेरीज २९७ दिवस भरली होती; हाती होते २५६. प्रत्येक विभागाचं एकेक फर्मान योग्यच होतं. बेरीज मात्र कुणीच केली नव्हती. २५६ दिवसांत २९७ बसवायचे म्हणजे ४१ दिवस कागदावरच होणार. आपल्याकडेही नवं फर्मान काढणाऱ्याने जुनं कुठलं बंद करायचं हे त्याच कागदावर लिहावं, एवढी सोपी अट घालता येईल.

अग्निवीरामुळे हे गणित आता आणखी बदलतंय. त्याला वर्षाला ३० दिवस रजा, म्हणजे तो हजर जास्त. पण चार वर्षांपैकी पहिले जवळपास सहा महिने सेंटरवरच्या ट्रेनिंगचे, आणि शेवटी जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम होणार. त्याची फायरिंग, त्याची बीपीईटी (शारीरिक क्षमतेची चाचणी) यांचे आकडे त्याच्या नोकरीचा निकाल लावणार. ट्रकमध्ये बसून भरलेला आकडा पूर्वी फार तर पलटणीला फसवायचा, आता तो शेजारच्या पोराची जागा घेतो.

कंपनी पातळीवर लगेच करता येईल अशी एक गोष्ट आहे. ट्रेनिंग रजिस्टरात ‘पुढे ढकललं’ हा शब्द बंद करायचा. त्याजागी लिहायचं: ‘दुसरी प्लॅटून, २०० मीटर फायर, झालं नाही. कारण कॉन्व्हॉय संरक्षण. आदेश ब्रिगेडचा. राहिलेली माणसं १८, नावं मागे.’ नवी तारीख ठरली नसेल तर तो रकाना कोरा ठेवायचा. महिन्याच्या शेवटी या ओळींची प्रत, आदेश जिथून आला त्या टेबलावर पाठवायची आणि पोच घ्यायची.